पेशंट दोनदा येतो, तिसऱ्यांदा फिरकतच नाही : व्यसनमुक्तीच्या ओपीडीत बक्षिसाचा उपयोग

वाचकांचे प्रश्न

उपचाराला नियमित येणाऱ्या पेशंटला छोटी बक्षिसं देण्याच्या पद्धतीबद्दल बरीच पत्रं आली आहेत. जाणकार तिला ‘कंटिंजन्सी मॅनेजमेंट’ म्हणतात. त्यातल्या निवडक पत्रांना इथे उत्तरं देत आहोत. भरती करून घेणाऱ्या केंद्रांविषयीची पत्रं बाजूला ठेवली आहेत. घरी राहून, कामधंदा सांभाळून ओपीडीत उपचार घेणाऱ्यांपुरतंच हे लिखाण आहे.

प्रश्न : आमच्या तालुक्याच्या गावी दर बुधवारी व्यसनमुक्तीची ओपीडी असते. बहुतेक पेशंट दारूचे, थोडे गांजाचे. पहिल्या वेळी बायको किंवा भाऊ घेऊन येतो, दुसऱ्या वेळी पेशंट एकटा येतो, तिसऱ्या बुधवारी पत्ताच नसतो. एक देणगीदार म्हणतात, तीन महिने न चुकता येईल त्याला सायकल देऊ. उपयोग होईल का? — समुपदेशक, बीड जिल्हा

सायकल घेऊ नका, तेवढे पैसे मात्र हातचे जाऊ देऊ नका.

तीन महिन्यांनी मिळणारी सायकल दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात गळणाऱ्या माणसाला दिसतच नाही. व्यसनात अडकलेल्या माणसाच्या हिशेबात लांबच्या फायद्याची किंमत फार लवकर घसरते. क्वार्टरचा परिणाम दहा मिनिटांत कळतो आणि सायकल दिवाळीनंतर येणार, म्हणजे सामना सुरू होण्याआधीच सुटला. दुसरी अडचण याहून मोठी आहे. पाचव्या आठवड्यात एक बुधवार चुकला की सायकल गेली, मग सहाव्या बुधवारी यायचं कशाला? शेवटी सायकल नेतात ते दोघं-तिघं, आणि ते तसेही आलेच असते.

अमेरिकेत कनेक्टिकट विद्यापीठातल्या नॅन्सी पेट्री यांनी यावर स्वस्त तोडगा काढला. काचेच्या भांड्यात चिठ्ठ्या ठेवायच्या आणि ठरलेली गोष्ट केली की पेशंटने त्यातून चिठ्ठी काढायची. निम्म्या चिठ्ठ्यांवर नुसती शाबासकी, बऱ्याचशांवर डॉलरभराची वस्तू, थोड्यांवर वीस डॉलरची आणि एखाद्याच चिठ्ठीवर मोठं बक्षीस. त्यांचा पहिला अभ्यास २००० साली आला. दारूचं व्यसन असलेल्या ४२ माजी सैनिकांवर तो केला होता. चिठ्ठ्या काढणाऱ्या गटातले ८४ टक्के आठ आठवड्यांच्या शेवटापर्यंत टिकले, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांतले २२ टक्के.

एवढ्या फरकाची अपेक्षा मात्र धरू नका. २००५ मध्ये आठ साध्या दवाखान्यांत, ४१५ पेशंटवर हीच पद्धत वापरली तेव्हा बारा आठवडे टिकणाऱ्यांचं प्रमाण ३५ वरून ४९ टक्क्यांवर गेलं. शंभरामागे चौदा माणसं जास्त टिकली. आपल्या तालुक्याच्या ओपीडीला हेही पुष्कळ झालं.

आता रुपयांत मांडू. स्टीलच्या झाकणाच्या डब्यात २०० चिठ्ठ्या घाला. १०० वर फक्त ‘शाब्बास’. ८४ वर छोटं बक्षीस, २० रुपयांच्या आतलं: अंगाचा साबण, दोन वह्या, बिस्किटांचा पुडा, चहापावडर. १५ वर मधलं, १५० रुपयांचं: मोबाइलचा रिचार्ज, एक किलो डाळ, टॉर्च. एकीवर मोठं, १,००० रुपयांचं, म्हणजे कुकर किंवा टेबलफॅन. सगळ्याची बेरीज ४,९३० रुपये, म्हणजे एका चिठ्ठीमागे सरासरी २५ रुपयांना थोडे कमी. काढलेली चिठ्ठी लगेच घडी घालून परत डब्यात टाकायची. हे विसरलात तर चार बुधवारांत डब्यात नुसते ‘शाब्बास’ उरतात आणि पेशंटच्या ते तुमच्याआधी लक्षात येतं.

पहिल्या हजेरीला एक चिठ्ठी, सलग दुसऱ्या हजेरीला दोन, मग तीन, चार, पाच. पाचवर थांबायचं. बारा आठवडे एकदाही न चुकवणाऱ्याला एकूण ५० चिठ्ठ्या मिळतात, म्हणजे सुमारे १,२३० रुपयांचा माल. सायकल पाच-सहा हजारांची धरली तर तेवढ्यात चार पेशंटचा पूर्ण खर्च निघतो. बरेच जण मध्ये एखादी खेप चुकवतात, त्यामुळे खरा खर्च याहूनही कमी येतो.

खेप चुकली आणि कळवलं नाही, तर पुढच्या वेळी पुन्हा एका चिठ्ठीपासून सुरुवात. आदल्या संध्याकाळपर्यंत फोन आला तर पायरी जागेवरच राहते, वाढत नाही. घसरून खाली आलेला माणूस लागोपाठ तीन खेपा आला की चौथ्या खेपेला जुन्या पायरीवर. परतीची ही वाट ठेवायलाच हवी. ती नसली की चढती बक्षिसंही सायकलीसारखीच वागतात: एकदा चुकलं की संपलं.

चिठ्ठी पेशंटने स्वतः काढायची आणि मोठ्याने वाचायची, वस्तू त्याच मिनिटाला त्याच्या हातात पडली पाहिजे. ‘साहेबांची सही झाली की देऊ’ म्हटलंत की त्या दिवशी बक्षीस दिलंच नाही असं धरा. कपाट काचेचं असावं आणि कुकर येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावा. छोट्या वस्तूंत निवड हवी. पाच बुधवार लागोपाठ साबणच मिळाला तर माणूस सहाव्या बुधवारी साबणासाठी येणार नाही.

तुमच्या जिल्ह्यासाठी एक गोष्ट वेगळी लिहितो. पेशंट ऊसतोडीला जाणारा असेल तर बारा आठवड्यांचं चक्र दिवाळीच्या तोंडावर सुरू करू नका. टोळी उठली की तो मार्चपर्यंत येणार नाही आणि तुमच्या वहीत ती गळती दिसेल. अशांचं चक्र पावसाळ्यात बसवा. हंगामापुरती पायरी गोठवा आणि ठरलेल्या वारी फोनवर बोलणं चालू ठेवा.

प्रश्न : न पिण्याबद्दल माणसाला बक्षीस? मग आयुष्यभर न पिणाऱ्यांनी काय घोडं मारलंय? हे मला लाच दिल्यासारखं वाटतं. — निवृत्त शिक्षक, सातारा

तुमचा राग समजतो, कर्मचाऱ्यांतही निम्मे लोक सुरुवातीला हेच म्हणतात. पण दारू सोडल्याचे फायदे केव्हा मिळतात ते पाहा. पहिल्या आठवड्यात हात कापतात, झोप येत नाही, अंगाला घाम सुटतो. बायकोचा विश्वास बसायला वर्ष लागतं, सावकाराचं देणं फिटायला त्याहून जास्त. दरम्यानच्या काळात माणसाला येत राहायला काहीतरी लागतं. २० रुपयांचा साबण तेवढ्यापुरता आहे. उपचाराची जागा तो घेत नाही, माणूस उपचाराच्या खोलीत येऊन बसेल एवढीच सोय करतो.

न पिणाऱ्याला बक्षीस नाही हे खरं. पण मधुमेह नसलेल्याला आपण इन्शुलिनही फुकट देत नाही. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २००७ च्या मार्गदर्शक सूचनांत ही पद्धत सुचवली. अमेरिकेच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत २०११ पासून ती चालू आहे, बक्षीस म्हणून तिथल्या कँटीनची कुपनं देतात. फुकट्यांचे लाड करणारे लोक म्हणून यांच्यापैकी कुणाचीच ख्याती नाही.

प्रश्न : मुंबईत आमच्याकडे ब्राउन शुगरचे आणि गोळ्यांचे पेशंट जास्त. नुसत्या हजेरीला बक्षीस दिलं तर मुलं नशेत येऊन चिठ्ठी काढून जातात. लघवी तपासून द्यावं का? — सामाजिक कार्यकर्ती

आधी एक ठरवा: हजेरीला द्यायचं आहे की नशा न करण्याला? दोन्हींना देता येतं, पण दोन वेगळ्या डब्यांतून, दोन वेगळ्या वह्यांत. एकाच चिठ्ठीवर दोन अटी बांधल्या की एका बाबतीत घसरलेला मुलगा दुसरीही गोष्ट सोडून देतो.

नशेत आला तर? नियम पहिल्या दिवशीच वाचून दाखवा. आम्ही असं सुचवतो: आला म्हणून हजेरी धरायची, साखळी तुटू द्यायची नाही, पण त्या दिवशी चिठ्ठी नाही आणि समुपदेशनही नाही. नाडी, श्वास आणि शुद्ध पाहायची, सोबत कोणी असेल तर त्याच्या हवाली करायचं, पुढची तारीख कागदावर लिहून द्यायची. हाकलून दिलेला मुलगा परत यायला महिने लावतो. कधी येतही नाही.

लघवीच्या तपासणीवर बक्षीस लावायचं तर तपासणी आठवड्यातून दोन-तीनदा हवी. ब्राउन शुगरचा अंश लघवीत साधारण दोन-तीन दिवस सापडतो. आठवड्यातून एकदाच तपासलं, तर सोमवारी ओढून शुक्रवारी स्वच्छ नमुना देणारा हुशार ठरतो आणि तुमचा डबा त्यालाच शाबासकी देतो. गांजाचं उलटं. रोज ओढणाऱ्याने सोडला तरी कित्येक आठवडे पट्टी पॉझिटिव्ह येते, त्यामुळे प्रामाणिक मुलगा पहिल्या महिन्यात हरत राहतो. म्हणून गांजासाठी पहिले चार-सहा आठवडे हजेरीलाच बक्षीस द्या. दारू फुंकरीत काही तासच कळते. इथिल ग्लुकुरोनाइडची (दारूपासून शरीरात तयार होणाऱ्या पदार्थाची) लघवी तपासणी दोन-तीन दिवसांपर्यंत मागचं सांगते, पण ती महाग पडते.

नमुना ताजा आहे ना, हे उष्णतेवरून पाहा. डबीवर तापमानाची पट्टी असते, चार मिनिटांच्या आत ती ३२ ते ३८ अंश सेल्सिअसच्या मध्ये दिसली पाहिजे. खिशातून आणलेली बाटली इथे बहुधा पकडली जाते, नळाचं पाणी तर नक्कीच. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध अफूवर्गाच्या पट्टीवर पॉझिटिव्ह येतं. ट्रामाडोल (वेदनाशामक) आणि बुप्रेनॉर्फिन (अफूवर्गाच्या व्यसनावर देतात ते औषध) साध्या मॉर्फिन-पट्टीवर दिसतच नाहीत, त्यांच्या पट्ट्या वेगळ्या. आणि खसखस! पुरेशा प्रमाणात खाल्ली तर मॉर्फिनची पट्टी ती पकडू शकते. खसखशीची खीर किंवा हलवा खाऊन आलेल्याशी वाद घालण्याआधी दुसरा नमुना घ्या.

आपल्याला जे हवं तेच मोजतो आहोत का, हे मात्र पुन्हा पुन्हा तपासा. अर्थतज्ज्ञ फ्रँक शिलबाख यांनी चेन्नईतल्या सायकल रिक्षावाल्यांवर केलेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. रोज संध्याकाळी केंद्रावर येऊन यंत्रात फुंकायचं. दारू नसेल तर १२० रुपये, असेल तर ६०. दिवसाचं पिणं कमी झालं, बचतही बरीच वाढली. पण एकूण पिण्यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही, कारण लोक फुंकर मारून झाल्यावर पीत होते. तिथे मुळात दिवसाच्या पिण्याचाच अभ्यास करायचा होता, त्यामुळे प्रयोग फसला असं म्हणता येत नाही. तुमच्या केंद्रात मात्र तशीच रचना केलीत तर तुम्ही व्यसनमुक्ती करत नसाल, फक्त पिण्याची वेळ बदलत असाल.

आणखी एक. बुप्रेनॉर्फिन घेणाऱ्या मुलांच्या बाबतीत औषधाचा डोस बक्षीस किंवा शिक्षा म्हणून कधीही वापरू नका. परदेशातल्या मेथाडोन (तशाच उपचाराचं दुसरं औषध) केंद्रांत नियमित पेशंटला घरी न्यायचा डोस सवलत म्हणून देतात आणि त्याने हजेरी सुधारते हे खरं. पण तो निर्णय डॉक्टरांचा, केंद्राच्या नियमांत बसवून घेतलेला. ‘चिठ्ठीत हरलास, आज गोळी नाही’ असं केलंत तर मुलगा त्याच संध्याकाळी ब्राउन शुगर शोधेल. आणि थोडे दिवस थांबलेल्या शरीराला जुना डोस झेपत नाही, माणूस त्यातच जातो.

प्रश्न : माझे मिस्टर रोज संध्याकाळी पिऊन येतात. ओपीडीत दोनदा गेले, आता टाळतात. मी घरीच काही बक्षीस ठरवू का? जाहिरातीत ‘न सांगता जेवणातून द्या’ असं औषध दाखवतात, ते घेऊ का? — एक वाचक, कोल्हापूर

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. जेवणातून गुपचूप काहीही देऊ नका. अशा पुड्यांत काय असतं याचा भरवसा नसतो. डायसल्फिराम (दारू सोडण्यासाठी देतात ते औषध) असेल आणि त्यावर मिस्टरांनी नेहमीएवढी दारू घेतली तर चेहरा लाल होणं, उलट्या, छातीत धडधड, रक्तदाब कोसळणं इथपर्यंत मजल जाते. हृदय कमजोर असेल तर जिवावर बेततं. हे औषध पेशंटला सांगून, त्याच्या संमतीने, शेवटच्या घोटानंतर किमान १२ तासांनी आणि डॉक्टरांच्या देखरेखीतच सुरू करतात. शेवटच्या गोळीनंतरही दोन आठवड्यांपर्यंत दारूशी त्याची प्रतिक्रिया येऊ शकते.

दुसरी सावधगिरी. मिस्टर रोज भरपूर पीत असतील तर ‘उद्यापासून एक थेंब नाही, मग बक्षीस’ अशी पैज लावू नका. एकदम बंद केल्यावर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दोन ते चार दिवसांच्या दरम्यान भ्रम होऊ शकतो. भिंतीवर किडे दिसणं, माणसं न ओळखणं, अंग तापणं असं काही दिसलं तर तडक दवाखाना गाठा. दारू तोडायची ती औषधांच्या आधाराने. म्हणून घरचं बक्षीस लावायचं ते ओपीडीत जाण्याला. न पिण्याला ते नंतर, डॉक्टर म्हणतील तेव्हा.

घरी करता येण्यासारखं असं. मिस्टर शुद्धीत असताना, शक्यतो सकाळी, त्यांच्याशी बोलून एका कागदावर दोन ओळी लिहा: बुधवारी ओपीडीत गेलो आणि केसपेपरवर शिक्का आणला, तर त्या संध्याकाळी अमुक. ‘अमुक’ हे त्यांच्या आवडीचं हवं, तुमच्या नाही. आवडीचं जेवण, मुलांना घेऊन बाहेर फिरणं, मॅच बघायला दोन तास निवांतपणा. पैसे नकोत. शिक्का हा पुरावा, त्यावर वाद होत नाही. ‘खरंच गेला होतात का’ हा प्रश्नच निघत नाही आणि तुम्ही पोलीस होत नाही. शिक्का नसेल तर त्या संध्याकाळी ती गोष्ट नाही. भांडण नाही, टोमणा नाही, मागच्या वर्षीचा उल्लेख नाही. टोमण्यामुळे माणसाला गुत्त्यावर जायला आयतं कारण मिळतं. आणि पिऊन आले असतील त्या रात्री समजावत बसू नका, ताट झाकून ठेवा आणि झोपा.

मारहाण होत असेल तर हे सगळं बाजूला ठेवा. तिथे बक्षिसाचा प्रश्न नाही, तुमच्या आणि मुलांच्या सुरक्षिततेचा आहे. महिलांसाठीचा १८१ क्रमांक त्यासाठी आहे, तातडीला ११२. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे, तिथे तुम्ही एकट्यानेही बोलू शकता, मिस्टरांनीच फोन करायला हवा असं नाही.

प्रश्न : माझ्या मावसभावाला इथे कॅलिफोर्नियात मेथचं व्यसन आहे. क्लिनिक म्हणतं, येत राहिलास आणि नमुना स्वच्छ आला तर गिफ्ट कार्ड देऊ. हे खरं असतं? — वाचक, सॅन होजे

खरं असतं. गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेतून या पद्धतीचा खर्च देणारं कॅलिफोर्निया हे अमेरिकेतलं पहिलं राज्य, प्रत्यक्ष सुरुवात २०२३ ची. कार्यक्रम २४ आठवड्यांचा. पहिले बारा आठवडे आठवड्यातून दोनदा जायचं. पहिल्या स्वच्छ नमुन्याला १० डॉलर, मग लागोपाठच्या दर दोन स्वच्छ नमुन्यांमागे दीड डॉलरची वाढ, शेवटी २६.५० पर्यंत. तेराव्या आठवड्यापासून आठवड्याला एकच नमुना आणि १५ डॉलर, एकोणिसाव्यापासून १०, शेवटच्या आठवड्याला २१. सगळं मिळून वर्षाला जास्तीत जास्त ५९९ डॉलर. या कार्डावर दारू, तंबाखू, गांजा आणि लॉटरीची तिकिटं घेता येत नाहीत. मेथवर मान्यता मिळालेली गोळी अजून नाही, त्यामुळे मावसभावाने ही संधी सोडू नये.

प्रश्न : बारा आठवडे संपले की पुढे काय? बक्षीस थांबलं की पेशंटही थांबणारच ना? — परिचारिका, रत्नागिरी

एकदम थांबवलं तर हजेरी पडतेच. म्हणून वर सांगितलेल्या कॅलिफोर्नियाच्या वेळापत्रकातही शेवटच्या बारा आठवड्यांत रक्कम आणि खेपा दोन्ही कमी होत जातात. तुमच्याकडे बाराव्या आठवड्यानंतर खेप पंधरवड्याला एक करा आणि चिठ्ठ्या पाचवरून तीनवर आणा. नंतर महिन्याला एक खेप आणि एकच चिठ्ठी, पण ती मोठ्या बक्षिसांच्या छोट्या डब्यातून.

उपचार संपल्यावर परिणाम पूर्ण पुसला जातो असं मात्र नाही. २३ चाचण्यांचं एकत्रित विश्लेषण २०२१ मध्ये आलं. बक्षीस थांबून साधारण सहा महिने झाल्यावरही त्या गटातले लोक इतर उपचार घेणाऱ्यांपेक्षा नशेपासून दूर असण्याची शक्यता जास्त होती. फरक मोठा नव्हता, पण होता. तो कुठून येतो? सलग दूर राहिलेल्या आठवड्यांतून. त्या आठवड्यांत माणसाला झोप लागायला लागते, कामावर परत घेतात, उधारी थोडी फिटते. म्हणून या बारा आठवड्यांत समुपदेशकाने नुसत्या चिठ्ठ्या काढायला लावून माणसाला घरी पाठवू नये. संध्याकाळचे सहा ते नऊ कुठे घालवायचे, पगाराचा दिवस कसा काढायचा, जुना दोस्त हाक मारेल तेव्हा तोंडून नेमकं कोणतं वाक्य काढायचं, हे याच दिवसांत घोटून घ्यायचं. गावात अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची सभा असेल तर आठव्या-नवव्या आठवड्यातच पेशंटला तिथे एकदा सोबत नेऊन सोडा. बाराव्या आठवड्यात पत्ता लिहून दिला तर बहुतेक चिठ्ठ्या खिशातच राहतात.

थोडक्यात उत्तरं

गटसभेत प्रत्येकाने चिठ्ठ्या काढायच्या म्हटलं तर सभाच उरत नाही. — मग नावांची टोपी वापरा. जो सलग जितके आठवडे आला तितक्या वेळा त्याच्या नावाची चिठ्ठी टोपीत: पहिल्या आठवड्याला एक, सहाव्याला सहा. सभा वेळेवर सुरू होण्याआधी आलेल्यांचीच नावं टाकायची. शेवटी दोन हजर माणसांमागे एक या हिशेबाने नावं काढायची. दहा मिनिटांत आटोपतं. उशिरा येणारे आपोआप वेळेवर येऊ लागतात.

पेशंट बक्षिसात मिळालेला स्टीलचा डबा विकून त्याच पैशांची दारू पितो. — पितो कधीकधी. विकता येणार नाही अशा वस्तू ठेवा: वीजबिलाचा भरणा, मुलांच्या वह्या, थेट नंबरवर रिचार्ज, आणि ओळखीच्या एकाच किराणा दुकानाचं कुपन, ज्यावर दुकानदार तंबाखू देणार नाही असं त्याच्याशी आधी ठरलेलं. रोख पैसे दिल्याने नशा वाढते असं अभ्यासांत दिसलेलं नाही, तरी पगाराच्या दिवशी रोख नको.

एसटीचं भाडं बक्षिसात धरावं का? — नाही. भाडं म्हणजे अडथळा दूर करणं. ते हजर प्रत्येकाला, चिठ्ठीवर न लावता द्या. आणि ओपीडीची वेळ सकाळी अकराची असेल तर रोजंदारीवरचा माणूस ५०० रुपयांची मजुरी बुडवून २५ रुपयांच्या चिठ्ठीसाठी कसा येईल? वेळ संध्याकाळची करा, बऱ्याच केंद्रांत एवढ्यानेच रांग वाढते.

जुगाराचं वेड असलेल्याला चिठ्ठ्या चालतील का? — चिठ्ठ्यांमुळे जुगार वाढल्याचं अभ्यासांत आढळलेलं नाही. तरी ज्याला मटक्याचं किंवा ऑनलाइन रमीचं व्यसन आहे त्याला डब्याजवळ नेऊ नका. त्याला ठरलेल्या रकमेचं कुपन द्या, तेही चढत्या पायरीने.

कर्मचारी लाडक्या पेशंटला ‘असू दे’ म्हणून जास्तीची चिठ्ठी देतात. — योजना मोडण्याचं हे सगळ्यात मोठं कारण. इतर पेशंट सगळं पाहत असतात. वहीत रकाने ठेवा: तारीख, आला की नाही, कळवलं होतं का, पायरी किती, चिठ्ठ्या किती, निघालं काय, पेशंटची सही, कर्मचाऱ्याची सही. चिठ्ठ्या किती हे कर्मचाऱ्याने ठरवायचं नाही, मागची ओळ पाहून ते आपोआप ठरतं. महिन्यातून एकदा दुसऱ्या कुणीतरी वही आणि कपाटातला माल जुळवून पाहायचा.

देणगीदारांना बक्षीस देतानाचे फोटो हवे आहेत. — कपाटाचा द्या, डब्याचा द्या, कुकरचा द्या. पेशंटचा नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेले मानसिक विकारही येतात. कलम २३ पेशंटच्या माहितीची गोपनीयता सांगतं, आणि कलम २४ प्रमाणे त्याचा फोटो त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही. तालुक्याच्या गावात चेहरा झाकलेला फोटोही शर्टावरून ओळखतात.